भट्टीला दोष देण्याआधी

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

कार्बाइडचे लांब पंच (भोक पाडायचे दांडे) सिंटरिंगनंतर, म्हणजे दाबलेली पावडर भट्टीत भाजल्यावर, मधेच बारीक होतात आणि सगळे भट्टीकडे बोट दाखवतात, असं तू लिहिलंयस. भट्टीचा आलेख जरूर तपास, पण आधी पावडर दाबणाऱ्या प्रेसजवळ जा.

टंगस्टन कार्बाइड वितळायला २७०० अंशांहून जास्त तापमान लागतं, त्यामुळे त्याचं ओतकाम होत नाही. १९२३ साली बर्लिनमध्ये कार्ल श्र्योटर यांनी त्यात कोबाल्टची पावडर मिसळून, दाबून, भाजण्याचा मार्ग काढला. साधारण १४०० अंशांना कोबाल्टमिश्रित द्रव तयार होतो, कण जवळ ओढले जातात आणि तुकडा आक्रसतो. जिथे पावडर सैल, तिथे जास्त आक्रसतो. सगळी मेख इथे आहे.

पावडर डायच्या, म्हणजे दाबायच्या साच्याच्या, भिंतीला घासते, त्यामुळे दाब आत पोचेपर्यंत कमी होतो. वरून-खालून दोन्हीकडून दाबलं तरी लांब तुकड्याचा मधला भाग सैलच राहतो. हिशेब करून बघ. कच्चा, म्हणजे दाबलेल्या पण न भाजलेल्या तुकड्याचा, व्यास २४.४ मिमी. टोकांना पूर्ण घनतेच्या ५५ टक्के भरण असेल, तर भाजल्यावर २० मिमी होतील. मध्यात ५२ टक्केच असेल, तर तिथे १९.६. झाला डमरू! कच्च्या तुकड्यावर मात्र व्हर्नियर सगळीकडे २४.४ दाखवतो, म्हणून भल्याभल्यांची फसगत होते.

तेव्हा एक कच्चा तुकडा आडवा कापून चकत्या कर आणि प्रत्येकीचं वजन आणि माप घे. मास्क लावूनच हं. कोबाल्टमिश्रित कार्बाइडची धूळ फुप्फुसं निकामी करते, तिथे हयगय नको.

मधली चकती हलकी निघाली तर माझं मत सांगतो: हा आकार डाय-प्रेसचा नाही. पावडर रबरी पिशवीत भरून द्रवात चहूबाजूंनी दाब, मग लेथवर हवा तो आकार दे. कच्चा आहे तोवर कापता येतो, भाजल्यावर हिऱ्याचं चाकच लागतं. आडवी भोकं, वळणदार खाचा असलेल्या लहान भागांना इंजेक्शन मोल्डिंग उत्तम. पण त्यात पावडर साच्यात वाहावी म्हणून मेण-प्लास्टिकसारखा बाइंडर मिसळतात आणि जवळपास निम्मं आकारमान त्याचंच असतं. तो घाईने काढला की फोड येतात, आणि जाड भिंतीतून निघायला फारच वेळ लागतो. तुझ्या जाड पंचांना ते नकोच.

चकत्यांची वजनं कळव, मग डायबद्दल सविस्तर लिहितो.