वाचक विचारतात: खाली हॉलमध्ये गेम खेळायला छोटा पीसी कोणता घेऊ?

प्रश्न: नमस्कार भाऊ, मी नागपूरच्या मनीषनगरला राहतो. वरच्या माळ्यावर माझा गेमिंग पीसी आहे, आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डवाला, पण मे महिन्यात त्या खोलीची पार भट्टी होते आणि कूलर फक्त खाली हॉलमध्ये. म्हणून पीसी वरच ठेवून गेम खाली टीव्हीवर खेळायचा विचार करून राहिलो. टीव्ही अँड्रॉइडचा आहे. बर्डीच्या बाजारात विचारलं तर एक जण म्हणे सोळा जीबी रॅमचा नवीन मिनी पीसी घ्या, दुसरा म्हणे जुना ऑफिसवाला डबा चालते. बजेट दहा हजार, बाबा म्हणतात त्याच्यावर एक रुपयाही नाही. काय घेऊ?

उत्तर: भाऊ, आधी काहीच घेऊ नका. वरच्या पीसीवर सनशाइन टाका, ते गेमचं चित्र नेटवर्कवरून पाठवतं, आणि टीव्हीवर मूनलाइट, ते चित्र दाखवतं, दोन्ही ॲप फुकट आहेत, आणि एक रविवार खेळून पाहा. टीव्हीचा गेम मोड चालू करायला विसरू नका, नाहीतर बटण दाबल्यावर गडी उशिरा उडी मारतो आणि आपण उगाच नेटला शिव्या देत बसतो. तेवढ्यात भागलं तर विषयच मिटला.

नाही भागलं तर मग डबा. पण खालच्या डब्याला गेम चालवायचाच नसतो हो, गेम वरच चालतो, खाली फक्त व्हिडिओ येतो आणि तो उलगडून दाखवायचा, म्हणून सोळा जीबी रॅम वगैरे विसरा, चार-आठमध्ये आरामात होतं. पाहायचं ते एवढंच की एचईव्हीसी, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करायच्या एका पद्धतीचा व्हिडिओ, चिपमध्येच उलगडतो का. इंटेलच्या सहाव्या पिढीपासून ते होतं, म्हणजे आय-फाइव्ह ६५००टी वाला ऑप्टिप्लेक्स मायक्रो किंवा थिंकसेंटर टायनी, जे ऑफिसांतून निघून सेकंडहँड बाजारात येतात, ते तुमच्यासाठी पुरेसे. तुमचा तो दुसरा दुकानदार बरोबर बोलला. नवीनच हवा असेल तर एन१०० चिपवाला, त्यात एव्ही१ ही अशीच दुसरी पद्धतही उलगडते आणि चिप ६ वॅटची आहे, पण तुमच्या ३०६० ला एव्ही१ मध्ये व्हिडिओ दाबताच (एन्कोड करता) येत नाही, मग त्याचे जास्तीचे पैसे कशाला! सहाव्या पिढीवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ ला संपला, तर सरळ लिनक्स टाका, मूनलाइट त्यावरही मस्त चालतं.

आता खरी गोष्ट वायरची. वायर सोडून डब्यावर पैसे घालायची चूक मी स्वतः केली होती, आय-सेव्हनवाला डबा आणला, रॅम भरली, आणि रेसिंग गेममध्ये नेमकं वळण आलं की चित्र चौकोन-चौकोन होऊन अटकायचं. दुकानदार म्हणाला अजून भारी घ्या. कीबोर्डवर कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-एस दाबलं की मूनलाइट कोपऱ्यात आकडे दाखवतं, त्यात पाहिलं तर उलगडायला २-३ मिलिसेकंद आणि नेटवर्कचा आकडा मात्र ५ वरून एकदम ८० वर उड्या मारतोय. साठ फ्रेमला एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात, तिथं ८० म्हणजे गेलीच गाडी. डबा बिचारा निर्दोष होता, मध्ये स्लॅब होता आणि वायफाय २.४ गिगाहर्ट्झवर, त्यात ब्लूटूथ कंट्रोलरही त्याच २.४ वर भांडायला. शेवटी जिन्याच्या कडेनं पंधरा मीटर कॅट६ ची नेटवर्क वायर टाकली आणि त्या दिवसापासून चित्र अटकलं नाही.

१०८०पी साठ फ्रेमला २० एमबीपीएस पुरतात, १०० एमबीपीएसचा नेटवर्क पोर्टही चालतो. आणि बाहेरचं नेट बंद पडलं तरी फरक नाही, हे सगळं घरातल्या घरात चालतं. वायर वरच्या पीसीलाही हवी, फक्त खाली लावून अर्धंच काम होतं. वरचा पीसी त्या भट्टीतच राहणार आहे हेही लक्षात घ्या, गेममध्ये साठ फ्रेमवर लॉक लावा, उगाच दीडशे फ्रेम काढून तो तापणार आणि खाली दिसणार साठच. वेक ऑन लॅन चालू केलं की स्लीपमधून उठवायला वर चढायचीही गरज नाही.

डबा कूलरच्या तोंडासमोर ठेवू नका, ती ओली हवा त्याला मानवत नाही. आणि घेताना अ‍ॅडॅप्टर मागूनच घ्या, या डब्यांना लॅपटॉपसारखा बाहेरचा लागतो, सेकंडहँड मालात नेमका तोच गायब असतो. काही डब्यांना एचडीएमआय नसतं, फक्त डिस्प्लेपोर्ट, तर मागची बाजू फिरवून पाहूनच पैसे द्या.