गंजलेला टिचबटणाचा हातप्रेस पुन्हा चालू होईल का?

आजोबांचा बिडाचा (ओतीव लोखंडाचा) हातप्रेस माळ्यावर गंजलाय, दांडा हलत नाही, भंगारात घालू का, असं विचारलंत. अजिबात घालू नका. सोलापुरात युनिफॉर्म शिवणाऱ्यांच्या घरी असे प्रेस अजून रोज चालतात.

एकच कळकळीची विनंती, हातोडा मारू नका. बीड वाकत नाही, तडकतं. दांड्याच्या सांध्यात आणि वरच्या सरकदांड्याभोवती (दांडा दाबला की खाली सरकतो तो गज) डिझेल सोडा, दोन दिवस मुरू द्या. मग दांडा किंचित पुढे-मागे, पुन्हा डिझेल. आधी तांबूस चिखल निघेल, मग एकदम सैल पडेल. खोलण्याआधी फोटो मात्र काढा.

स्क्रू, वॉशर रात्रभर व्हिनेगरमध्ये, नंतर सोड्याच्या पाण्यात धुऊन लगेच उन्हात. आपल्याकडे उन्हाला काय तोटा! निकेल चढवलेल्या डाय (बटण दाबून बसवणारे साचे) व्हिनेगरमध्ये घालू नका, मुलामा जातो. सरकदांड्याला खरखरीत पॉलिशपेपरही नको, पितळी ब्रशच वापरा. सरकदांडा झिजला की बटण तिरकं बसतं.

शेवटी शिलाई मशीनचं तेल. खोबरेल चिकटून बसतं. जोडल्यावर डायमध्ये कागद धरून हलकेच दाबा, ठसा सगळीकडे सारखा उठला की कापड लावा.