दोन्ही दुर्बिणी नॉर्मल, तरी हिमोग्लोबिन ७ : लहान आतड्यात गाठ आहे का, हे कसं कळतं?

तुमचा प्रश्न लांबलचक आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. वडिलांचं वय ५६. दीड वर्षापासून हिमोग्लोबिन ७-८ च्या वर टिकत नाही, दोनदा रक्त चढवून झालं. लोहाच्या गोळ्या चालू असल्या की वाढतं, थांबवल्या की पुन्हा उतरतं. तोंडातून आणि शौचमार्गातून अशा दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. जेवल्यावर तासाभरात बेंबीभोवती कळ येते, पोट गुडगुडतं, वजन ६ किलोंनी उतरलंय. साध्या सीटी स्कॅनमध्ये लहान आतड्याचा एक भाग जाडसर, शेजारच्या गाठी (लिम्फ नोड) वाढलेल्या, आणि शेवटी प्रश्नचिन्ह टाकून 'कॉक्स', म्हणजे टीबी. एका डॉक्टरांनी सहा महिन्यांची एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू करा म्हटलं, दुसऱ्यांनी आतून फोटो काढणारी कॅमेऱ्याची कॅप्सूल गिळायला सांगितलं. तुम्हाला विचारायचंय की ट्यूमर असेल तर तो सापडणार कसा, आणि या दोघांपैकी ऐकायचं कोणाचं?

मी पोटविकारतज्ज्ञ आहे. वडिलांना मी तपासलेलं नाही, पण तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझं मत सांगतो: आज लगेच दोन्ही नको. आधी सीटी एन्टेरोग्राफी, आणि मग जिथे जाडी दिसतेय तिथला तुकडा (बायोप्सी).

'दोन्ही दुर्बिणी नॉर्मल' याचा अर्थ बहुतेक घरांत 'आतडी नॉर्मल' असा घेतला जातो. तो चूक आहे. लहान आतडं साधारण ६ मीटर लांब असतं. तोंडातून घातलेली नेहमीची दुर्बीण जठर ओलांडून त्याच्या पहिल्या वळणापर्यंत, म्हणजे आद्यांत्राच्या (लहान आतड्याची सुरुवात, ड्युओडेनम) दुसऱ्या भागापर्यंत जाते. खालून घातलेली दुर्बीण मोठं आतडं संपल्यावर झडपेतून आत डोकावली, तर लहान आतड्याच्या शेवटच्या दहा-वीस सेंटिमीटरचं दर्शन होतं. मधला सगळा पट्टा कोणी पाहिलेलाच नसतो. म्हणून फाइल उघडून दोन गोष्टी बघा. कोलोनोस्कोपीच्या रिपोर्टमध्ये 'टर्मिनल आयलियम', म्हणजे लहान आतड्याचा हा शेवटचा भाग, पाहिल्याची नोंद आहे का? आणि वरच्या दुर्बिणीच्या वेळी आद्यांत्राचे तुकडे घेतले होते का? ते घेतले असतील तर सिलिअ‍ॅक हा गव्हाच्या प्रथिनाचा आजार आहे का ते कळतं. तो उत्तर भारतात जास्त दिसतो, आपल्याकडे कमी. पण लोह न टिकण्याचं ते एक कारण आहे.

आता ट्यूमरबद्दल. पचनमार्गाच्या एकूण लांबीचा पाऊण हिस्सा लहान आतड्याचा, पण पचनमार्गातल्या गाठींपैकी जेमतेम तीन ते पाच टक्के तिथे होतात. असं का, याचं पक्कं उत्तर नाही. आतला माल पातळ असतो, भराभर पुढे सरकतो, जंतू कमी असतात, भिंतीत रोगप्रतिकारक पेशींची दाटी असते, अशी कारणं दिली जातात. हाच पातळ माल निदानाच्या मुळावर येतो. पोकळी बरीच अरुंद झाली तरी पातळ अन्न वाट काढत राहतं, त्यामुळे गाठ मोठी होईपर्यंत माणूस 'गॅस', 'पित्त', 'मूळव्याधीतून रक्त जात असेल' यावर महिने काढतो. अशा रुग्णांच्या फायलीत अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा हमखास असतो.

पण हेही लिहिलं पाहिजे की वडिलांच्या वयाला नुसतं लोह कमी होणं म्हणजे ट्यूमरच, असं नाही. दोन्ही दुर्बिणी नॉर्मल असताना कॅप्सूल केलेल्या शंभर जणांत दहापेक्षा कमी जणांत गाठ निघते. या वयात लहान आतड्यातल्या रक्तस्रावाचं जास्त सापडणारं कारण म्हणजे भिंतीतल्या नाजूक, पसरट रक्तवाहिन्या. गुडघेदुखीसाठी रोज वेदनाशामक घेत असतील तर त्याचे व्रण, आणि शेतात अनवाणी काम असेल तर हुकवर्म हा रक्त पिणारा जंत, हे दोन्ही विचारात घ्यायचे. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्या लोक डॉक्टरांना सांगत नाहीत, तेवढं घरी शांतपणे विचारा. वडिलांच्या बाबतीत मला खटकतंय ते रक्ताबरोबरचं बाकीचं: जेवणानंतरची कळ, गुडगुड, उतरलेलं वजन आणि सीटीतली जाडी. नाजूक रक्तवाहिन्यांनी कळ येत नाही. कुठेतरी वाट अरुंद झाली असावी.

म्हणूनच कॅप्सूल आज नको. ही कॅप्सूल इस्रायली अभियंते गाव्रिएल इद्दान यांच्या कल्पनेतून आली, २००१ मध्ये अमेरिकेत तिला मान्यता मिळाली, आणि तिने आमच्या शाखेचं चित्र पालटलं यात वाद नाही. साधारण २६ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर जाड. आठेक तास पुढे सरकत हजारो फोटो पाठवते आणि शौचावाटे पडून जाते. वाट मोकळी असेल तरच पडते. अरुंद जागी ती अडकू शकते, आणि मग ती काढण्यासाठी दुर्बीण किंवा ऑपरेशन लागतं. नुसत्या रक्तस्रावासाठी केली तर हा धोका शंभरात एक-दोन. पण अडथळ्याची लक्षणं असलेल्या माणसात तो बराच वाढतो. (काही सर्जन गमतीने म्हणतात, अडकली तर बरंच, कुठे कापायचं ते कळलं. मला तो विनोद आवडत नाही.) विरघळणारी चाचणी-कॅप्सूल आधी देऊन वाट मोकळी आहे का हे पाहता येतं, ती मिळत असेल तर विचारा. शिवाय कॅप्सूल फक्त आतलं अस्तर पाहते. भिंतीतून बाहेरच्या बाजूला वाढणारी गाठ तिच्यासमोर नुसत्या फुगवट्यासारखी येते आणि निसटू शकते. सुरुवातीच्या भागातून ती इतक्या वेगाने जाते की तिथलीही गाठ चुकते. कॅप्सूल नॉर्मल आली म्हणून फाइल बंद करायची नसते.

सीटी एन्टेरोग्राफी ही साध्या सीटीहून वेगळी. रुग्णाला पाऊण-एक तासात साधारण दीड लिटर मॅनिटॉलसारखं द्रावण थोडंथोडं प्यायला देतात, त्याने आतड्याची वेटोळी फुगतात. मग शिरेतून औषध सोडून ठरावीक क्षणी बारीक कापांचे फोटो घेतात. न फुगलेलं आतडं सीटीत बऱ्याचदा जाड दिसतं. तुमच्या पहिल्या रिपोर्टमधली 'जाडी' खरी की मिटलेल्या आतड्याची, हे इथेच स्पष्ट होईल. आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) तपासून घ्या. पहिल्या सीटीची सीडी बरोबर न्या, नुसता कागद नको.

अनुभवी रेडिओलॉजिस्टला या फोटोंवरून जात ओळखण्याच्या बऱ्याच खुणा मिळतात. अ‍ॅडेनोकार्सिनोमा, म्हणजे अस्तरातून निघणारा नेहमीचा कर्करोग, बहुधा आद्यांत्रात किंवा त्याच्या लगतच्या भागात असतो. थोड्याच लांबीचा, पण वाट आवळणारा. लिम्फोमात, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींच्या कर्करोगात, भिंत बरीच जाड होते आणि तरीही वाट उघडी, कधी उलट रुंदावलेली. जिस्ट ही भिंतीच्या स्नायूंच्या थरातून वाढते, बाहेरच्या बाजूला लोंबते, रक्तपुरवठा भरपूर, म्हणून रक्तस्राव करते. आणि न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर, म्हणजे संप्रेरकं बनवणाऱ्या पेशींची गाठ. हे नाव आपल्याकडे घरोघरी पोहोचलं ते अभिनेते इरफान खान यांनी मार्च २०१८ मध्ये आपल्या आजाराबद्दल जाहीर केलं तेव्हा. लहान आतड्यात तो बहुधा शेवटच्या भागात असतो. मूळ गाठ सेंटिमीटरभर, नजरेतून सुटणारी. पण आतड्याला धरणाऱ्या पडद्यात तिची दुय्यम गाठ मोठी होते, चुना धरते आणि भोवतालचा पडदा खेचून घेते. 'शेजारच्या गाठी वाढलेल्या' या एका ओळीत टीबी, लिम्फोमा आणि हा, तिघेही बसतात.

इथे एकेटीचा प्रश्न येतो. आपल्या देशात आतड्याचा टीबी खरोखर भरपूर आहे, त्यामुळे पहिल्या डॉक्टरांची शंका अजिबात चुकीची नाही. टीबीला लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याची जागा आवडते. तिथे व्रण, अरुंद वाट, मध्ये सडलेल्या गाठी, पोटात पाणी असं चित्र असतं. माझी हरकत शंकेला नाही, तुकडा न घेता औषध सुरू करण्याला आहे. खालून दुर्बिणीने पोहोचण्याजोगी जागा असेल तर तुकडे घ्या. एक भाग पॅथॉलॉजीला, एक भाग टीबीच्या जीनएक्स्पर्ट आणि कल्चरला. टीबीचे जंतू तुकड्यात दर वेळी सापडतात असं नाही, म्हणून कधीकधी औषधावरच निदान करावं लागतं, ते मलाही मान्य आहे. मग दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करून व्रण भरले का हे पाहण्याची तारीख पहिल्याच दिवशी ठरवा. 'थोडं बरं वाटतंय' हा पुरावा नाही, आणि कळ राहिली म्हणजे टीबी नव्हता असंही नाही, कारण टीबी बरा होतानाही वण आवळून वाट अरुंद राहते. आणखी एक: क्रोन्स (आतड्याला सूज आणणारा दीर्घकालीन आजार) समजून स्टिरॉइड देण्याची घाई कोणी केली तर थांबवा. लिम्फोमा स्टिरॉइडने काही काळ विरघळतो, नंतर घेतलेल्या तुकड्यात धड काही दिसत नाही, आणि टीबी असेल तर तो भडकतो.

मधल्या पट्ट्यातली गाठ असेल तर तिथे पोहोचायला डबल बलून एन्टेरोस्कोपी. जपानच्या जिची वैद्यकीय विद्यापीठातल्या हिरोनोरी यामामोतो यांनी ही पद्धत २००१ मध्ये मांडली. दोन फुगे आळीपाळीने फुगवत आतडं नळीवर चुणीदार गोळा करत पुढे जायचं, लेंग्यात नाडी ओवताना करतो तसं. तुकडा घेता येतो, जागेवर शाईची खूण करता येते, म्हणजे सर्जनला नंतर शोधावं लागत नाही. भूल लागते, वेळ लागतो, आणि सगळीकडे मिळत नाही. मुंबई-पुण्यातल्या मोठ्या रुग्णालयांत विचारा.

मात्र प्रत्येक गाठीचा तुकडा आधी घ्यायचाच, असंही नाही. सीटीत ठळक जिस्ट दिसतेय, एकाच जागी आहे, सहज काढता येण्यासारखी आहे, तर सर्जन थेट ऑपरेशन सुचवतील, आणि ते बरोबर असेल. ती गाठ ठिसूळ असते, फुटली तर पोटात पसरते. अस्तराचा वरवरचा चिमटा घेतला तर खालची गाठ हाती लागतच नाही. न्यूरोएंडोक्राइन असेल तर ऑपरेशनच्या वेळी सर्जनने सगळं आतडं बोटांमधून सरकवत तपासायला हवं. या गाठी बऱ्याचदा एकाहून अधिक असतात.

रक्ताच्या 'ट्यूमर मार्कर' पॅकेजवर पैसे घालू नका. सीईए नॉर्मल आलं म्हणून गाठ नाही असं होत नाही. क्रोमोग्रॅनिन ए ही न्यूरोएंडोक्राइनसाठी वापरतात ती तपासणी पँटोप्राझोलसारख्या अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांनीही वाढलेली येते, आणि वडील त्या घेत असणारच. २४ तासांच्या लघवीतलं ५-एचआयएए सांगितलं तर आधी दोन-तीन दिवस केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो बंद. चेहरा लाल होणं आणि जुलाब ही या ट्यूमरची प्रसिद्ध लक्षणं बहुधा तो यकृतात पसरल्यावर येतात, तेव्हा ती नाहीत म्हणून निश्चिंत होता येत नाही. 'एकदाच पेट स्कॅन करून टाकू' असाही सल्ला मिळेल. साध्या साखरेच्या पेटमध्ये टीबीच्या गाठीही लखलखतात आणि संथ न्यूरोएंडोक्राइन मात्र अंधारात राहू शकतो. त्याची शंका असेल तर गॅलियम डोटा पेट हवा, तो वेगळा.

तुकडा किंवा काढलेली गाठ पॅथॉलॉजीला गेल्यावर पहिल्या रिपोर्टवर थांबू नका, इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे पेशींची जात ओळखणारी रंगतपासणी, झाली का विचारा. सीडी ११७ आणि डॉग १ जिस्टसाठी, सिनॅप्टोफायसिन आणि क्रोमोग्रॅनिन न्यूरोएंडोक्राइनसाठी, सीडी २० बी पेशींच्या लिम्फोमासाठी. न्यूरोएंडोक्राइनमध्ये केआय ६७ (पेशी किती वेगाने वाढताहेत याचं माप) चा टक्का ३ च्या खाली, ३ ते २०, की २० च्या वर, यावर पुढची सगळी दिशा ठरते. जिस्टमध्ये किट जनुकातला बदल जपानी संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवला आणि २००२ पर्यंत त्यावरची इमॅटिनिबची गोळी अमेरिकेत मान्य झाली. त्याआधी या गाठींवर केमोथेरपी जवळजवळ निकामी होती. नाव चुकलं तर औषधही चुकतं. पॅराफिनचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, हा तुमचा आहे. शंका असेल तर तो टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी दुसऱ्या मतासाठी नेता येतो, रुग्णाला नेण्याची गरज नाही.

कॅप्सूलची वेळ पुढे आलीच, तर आठवडाभर आधी लोहाच्या गोळ्या थांबवायला सांगतील, कारण काळ्या मळाने फोटो झाकले जातात. (त्याच गोळ्यांनी शौचाला काळं होतं, पण डांबरासारखं चिकट आणि उग्र वासाचं होत असेल तर ते रक्त.) ती पडल्याची खात्री होईपर्यंत एमआरआय करायचा नाही. आणि या सगळ्या धावपळीत वडिलांचं पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वायू सरणं बंद झालं, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता रात्रीसुद्धा सर्जन हजर असलेल्या रुग्णालयात न्या. तोवर जेवण थोडंथोडं, मऊ ठेवा. चोथा, सालं, बिया टाळा.