समाजकार्याचे विद्यार्थी प्रत्यक्ष नोकरीसाठी तयार कसे होतात?

तुम्ही विचारलंय, की समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला आहे, थिअरी येते, फील्डवर्कचे तासही भरलेत, तरी नोकरीत निभाव लागेल असं वाटत नाही. मग महाविद्यालयानं नेमकी कोणती तयारी करून घ्यायला हवी होती?

मी फील्डवर्कच्या विद्यार्थ्यांना सुपरवाइज करते, त्यामुळे ही धाकधूक मला दरवर्षी ऐकायला मिळते. माझं उत्तर असं आहे: तयारी फील्डवर नाही, नंतर होते. म्हणजे तिथून परतल्यावर लिहिलेल्या रेकॉर्डिंगमध्ये, म्हणजे भेटीच्या लेखी नोंदीत, आणि त्यावर सुपरवायझरबरोबर बसून झालेल्या बोलण्यात. ते बोलणं झालं नसेल, तर कितीही तास भरा, माणूस फक्त सरावतो.

तासांना महत्त्व आहेच. अमेरिकेत समाजकार्य शिक्षणाला मान्यता देणारी परिषद पदव्युत्तर विद्यार्थ्यांकडून किमान 900 तासांचं फील्डवर्क मागते, आणि 2008 च्या निकषांत तिनं फील्डवर्कला या व्यवसायाची ओळख ठरणारी शिक्षणपद्धती म्हटलं. पण 900 तास उपस्थितीचे तक्ते भरण्यात, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडण्यात आणि अहवालासाठी फोटो काढण्यातही सहज जातात. संस्थेला हक्काचे हात मिळतात, विद्यार्थ्याला सही मिळते आणि एका माणसासमोर तासभर बसण्याची वेळ काही येत नाही.

रेकॉर्डिंग म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एका विद्यार्थिनीनं लिहिलं होतं, ‘क्लायंटचे सांत्वन केले व तिला समुपदेशन केले.’ मी म्हटलं, हे खोडा आणि ती काय बोलली, तुम्ही काय बोललात ते शब्दाला शब्द लिहा. शेजारी आणखी एक रकाना आखा आणि त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं ते तिथं लिहा. मग जे लिहून आलं ते असं. बाई म्हणाल्या, “आता मी कुणालाच नकोय.” विद्यार्थिनी म्हणाली, “असं नका म्हणू, सगळं नीट होईल. मुलांची शाळा कशी चाललीय?” शेजारच्या रकान्यात होतं, ‘त्या रडतील अशी भीती वाटली.’

आमचा पुढचा सगळा वेळ या तीन ओळींवर गेला. ‘सगळं नीट होईल’ हे कुणासाठी होतं? भीती विद्यार्थिनीची होती आणि दिलासाही तिनं स्वतःलाच दिला. बाईंना एवढंच कळलं, की इथं हे बोलायचं नसतं. शिवाय ‘कुणालाच नकोय’ असं माणूस म्हणतो तेव्हा आत्महत्येचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारायला हवं. विचारल्यानं तो विचार डोक्यात येतो हा गैरसमज आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचंच हायसं वाटतं. पण हे माहीत असणं वेगळं आणि “जीव द्यावासा वाटतो का?” हे शब्द तोंडातून बाहेर काढणं वेगळं. आम्ही ते वाक्य मोठ्यानं म्हणायचा सराव केला. पहिल्यांदा तिचा आवाज पार खाली गेला. आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढे काय विचारायचं, कुणाला कळवायचं, त्यांना एकटं का सोडायचं नाही, हेही त्याच बैठकीत बोललो. मी तयारी म्हणते ती ही.

तत्त्वांचंही तसंच. समाजकार्याचे अभ्यासक फेलिक्स बीस्टेक यांनी 1957 मध्ये मांडलेली केसवर्क संबंधांची, म्हणजे एकेका माणसाबरोबर काम करतानाच्या नात्याची, सात तत्त्वं परीक्षेत सगळ्यांना लिहिता येतात. गोपनीयतेची व्याख्या पाठ असते, आणि एखादं मूल “कुणाला सांगणार नसाल तर सांगतो” म्हणालं की पटकन “नाही सांगणार” असं वचन दिलं जातं. ते देता येत नाही. मुलाला कुणी इजा करत असेल, कुणाचा जीव धोक्यात असेल, तर सांगावंच लागतं, आणि गोपनीयतेची ही मर्यादा पहिल्या भेटीतच समजेल अशा भाषेत सांगायची असते. आधी वचन देऊन नंतर मोडलं, तर ते मूल पुढच्या कुठल्याच मोठ्या माणसावर विश्वास ठेवणार नाही.

लिहिण्याकडे तर फारच दुर्लक्ष होतं. ‘वडील व्यसनी व बेजबाबदार’ असा शेरा फायलीत गेला की वर्षानुवर्षं त्या कुटुंबाच्या मागे लागतो. त्याऐवजी ‘दुपारी गृहभेटीच्या वेळी वडिलांचं बोलणं अडखळत होतं, तोंडाला दारूचा वास येत होता’ असं लिहा. पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, तुमचा अंदाज वेगळा. ही फाईल उद्या न्यायालयात जाऊ शकते, आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय तोही ती वाचू शकतो.

सुपरव्हिजनची तीन कामं समाजकार्याचे अभ्यासक आल्फ्रेड कादुशिन यांनी सांगितली: प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारं. बहुतेक ठिकाणी पहिलंच होतं. अहवाल आला का, सही झाली का. तिसऱ्याच्या जागी ‘सेल्फ-केअर’वरचं एक व्याख्यान असतं. मला याचा मनापासून राग येतो. दुसऱ्यांचा मानसिक आघात रोज ऐकून येणाऱ्या थकव्याबद्दल या विषयाचे संशोधक चार्ल्स फिगली यांनी 1995 मध्ये सविस्तर लिहिलं, तेव्हापासून ही गोष्ट कुणाला नवी नाही. तरी तिचा सगळा भार नव्या मुलांवर टाकला जातो: नीट झोपा, ध्यान करा, छंद जोपासा. एका माणसाकडे झेपणार नाहीत इतक्या केसेस दिल्या तर ध्यान काय करणार? केसेस किती द्यायच्या, अवघड भेटीनंतर कुणी बोलायला असावं की नाही, हे संस्थेनं ठरवायचं असतं. महाविद्यालयानं विद्यार्थ्यांना हे मागायला शिकवावं, आणि जिथं ते मिळत नाही तिथं विद्यार्थी पाठवणंच थांबवावं.

तुमच्यापुरतं बोलायचं, तर उरलेल्या महिन्यांत मोजक्याच दोन-तीन भेटींचं शब्दशः रेकॉर्डिंग करा, मनातल्या रकान्यासकट, आणि सुपरवायझरकडे स्वतःहून वेळ मागा. ते टाळत असतील तर एखाद्या वर्गमित्राबरोबर बसा, मात्र नावं आणि ओळखीच्या खुणा आधी काढून टाका. मुलाखतीला जाल तेव्हा तुम्हीही विचारा: माझं सुपरव्हिजन कोण करणार, किती दिवसांनी? सुरुवातीला किती केसेस? गृहभेटीला एकटं जावं लागेल का, आणि मी कुठे गेलेय हे ऑफिसात कुणाला माहीत असेल? सुट्टीच्या दिवशी काही गंभीर घडलं तर फोन कुणाला करायचा? “काही लागलं तर केव्हाही या” असं उत्तर मिळालं, तर आठवड्यातला ठरलेला वार आणि ठरलेली वेळ मागून घ्या.