डाउनलोड एकीकडे, पैसे दुसरीकडे: सांगलीतून गेम आधी कुठल्या देशात सोडायचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विश्रामबागला बसून तिघांनी हळदीच्या पेठेवरचा गेम केलाय. पोती घ्यायची, प्रत लावायची, पेवात साठवायची आणि भाव चढला की सौद्याला काढायची. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरात केलाय, फक्त अँड्रॉइडसाठी, आकार १८० एमबी, हाताशी दोन लाख रुपये. आधी भारत की थेट जपान-अमेरिका, हे ठरत नाही. आणि "जिथे लोक सर्वांत जास्त गेम डाउनलोड करतात तिथेच जावं ना?" असंही विचारलंय.

या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण घोळ तिथेच आहे. डाउनलोडच्या संख्येत भारत जगात पहिला आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि ज्या घरात कधी संगणक आला नाही तिथे थेट स्मार्टफोन आला. पण गेमवर खर्च होणाऱ्या पैशात चीन, अमेरिका आणि जपान पुढे आहेत, भारत बराच मागे. डाउनलोड, खेळण्याचा वेळ आणि खर्च ही तीन वेगळी मापं आहेत. आपल्याकडचा खेळाडू आज गेम घेतो, चार दिवसांनी जागा भरली की काढतो, महिन्याने पुन्हा घेतो. जपानी खेळाडू एकच गेम कित्येक वर्षं धरून बसतो. म्हणून बाजार निवडताना आधी हे बघा की तिथला माणूस पैसे कुठल्या वाटेने देतो आणि त्याच्या हातात कोणता फोन आहे.

अँड्रॉइड किती, आयफोन किती हे सांगणारे तक्ते वाचतानाही सावध राहा. स्टॅटकाउंटर या वेब-मोजणी संस्थेचे आकडे वेबपानं किती उघडली यावर काढलेले असतात, फोन किती विकले यावर नाही. दिशा मात्र त्यातून बरोबर कळते: भारत, इंडोनेशिया, ब्राझील अँड्रॉइडचे, अमेरिका आणि जपानमध्ये आयफोन निम्म्याहून जास्त, जर्मनीत अँड्रॉइड पुढे पण आयफोनही भरपूर. तुमच्याकडे आयफोनचा बिल्डच, म्हणजे आयफोनवर चालणारी आवृत्तीच नाही. म्हणजे जपान आणि अमेरिकेत तुम्ही पैसे खर्च करणाऱ्या अर्ध्याहून जास्त गिऱ्हाइकासमोर दुकान बंद ठेवून बसणार. तो बिल्ड करायचा तर मॅक घ्यावा लागेल, ॲपलची वर्षाची फी ९९ डॉलर आहे. पहिल्या सहा महिन्यांत हे दोन्ही देश मुख्य बाजार म्हणून धरू नका.

आता १८० एमबी. हे कमी केल्याशिवाय पुढचं काही करू नका. आकार दर ६ एमबीने वाढला की इन्स्टॉलचं प्रमाण साधारण १ टक्क्याने घटतं, असं गुगलनेच २०१७ मध्ये मांडलं होतं. भारत-ब्राझीलसारख्या ठिकाणी फटका जास्त बसतो, कारण फोनची जागा व्हॉट्सॲपच्या व्हिडिओंनी आधीच भरलेली असते. बहुतेक वेळा दोष चित्रांचा असतो. २०४८ × २०४८ चं एक चित्र न दाबता ठेवलं तर मेमरीत १६ एमबी खातं. तेच एएसटीसी या चित्र दाबण्याच्या पद्धतीत, ६×६ च्या मापाने, दोन एमबीच्या आत बसतं आणि पोत्यांच्या, वखारीच्या चित्रात डोळ्याला फरक कळत नाही. अक्षरं असलेल्या चित्रांना मात्र ४×४ हे कमी दाबणारं माप ठेवा, नाहीतर कडा फुटतात. पार्श्वसंगीत मोनो करा. पहिल्या दहा पातळ्या मूळ पॅकेजात ठेवून बाकीच्या प्ले ॲसेट डिलिव्हरी या गुगल प्लेच्या सोयीने नंतर उतरवा. १०० एमबीच्या खाली येणं सहज शक्य आहे.

फोनच्या मेमरीचंही तसंच. ३ जीबीच्या फोनमध्ये अर्ध्याहून जास्त मेमरी सिस्टिम आणि आधीच उघडी असलेली ॲप्स खातात. गेमने ६०० एमबीच्या आत राहावं हे माझं ठाम मत. त्यावर गेलात की दुसरा फोन आला, माणूस बोलून परत आला, तर गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो आणि त्याला वाटतं गेम बंद पडला. गुगल प्लेच्या हिशेबात रोजच्या वापरकर्त्यांपैकी १.०९ टक्क्यांहून जास्त लोकांना क्रॅश दिसला, किंवा ०.४७ टक्क्यांहून जास्त लोकांना "ॲप प्रतिसाद देत नाही" ही पाटी दिसली, की दुकानातली तुमची जागा घसरते. एखाद्याच मॉडेलवर हे प्रमाण ८ टक्क्यांवर गेलं तर त्या मॉडेलच्या माणसाला गेमच्या पानावर इशारासुद्धा दिसू शकतो. म्हणून एकूण सरासरीवर समाधान मानू नका, प्ले कन्सोलमध्ये, म्हणजे गेम बनवणाऱ्यांसाठीच्या गुगल प्लेच्या पानावर, मॉडेलवार यादी उघडा.

चाचणीसाठी सांगली-साताऱ्यासारखी जागा नाही, हे मनापासून सांगतो. मिरजेहून जतच्या एसटीत बसा आणि वाटेत नेटवर्क जाईल तिथे गेममधली खरेदी अर्धवट सोडून बघा. खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना सौदा लावा, बाहेर पडल्यावर तो दोनदा नोंदला गेला का तपासा. खरेदीची पावती सर्व्हरवर पडताळल्याशिवाय नाणी द्यायची नाहीत. आणि पैसे कापले गेले पण नाणी मिळाली नाहीत असं झालं, तर पुढच्या वेळी गेम उघडताच राहिलेली खरेदी आपोआप पूर्ण व्हायला हवी. तीन दिवसांत खरेदी पक्की कळवली नाही तर गुगल स्वतःच पैसे परत करतं, हे बऱ्याच नवख्यांना माहीत नसतं. मग "पैसे आले आणि गेले" अशी कोड्यात टाकणारी नोंद दिसते. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी सलग वीस मिनिटं चालवा. सेकंदाला ६० फ्रेमवर ठेवलेला गेम तापून धडपडतो. हिशेबाच्या गेमला ३० फ्रेम पुष्कळ.

भाषेचा मुद्दा. तुम्ही मराठी ठेवताय याचा मला फार आनंद आहे, पण युनिटीत मजकूर दाखवणाऱ्या नेहमीच्या टेक्स्टमेशप्रोमध्ये देवनागरी नीट जुळत नाही. "मिरज"मधली वेलांटी म नंतर पडते, "क्विंटल"मधलं जोडाक्षर फुटून हलन्त दिसतो. हार्फबझ या अक्षरं जुळवणाऱ्या लायब्ररीवर चालणारी मजकूर-जुळणी घ्या. जपानीत अडचण वेगळी: नेहमीच्या वापरातल्या कांजीच, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरंच, २,१३६ आहेत. सगळ्या एका ४०९६ × ४०९६ च्या पत्र्यावर, म्हणजे सगळी अक्षरं एकत्र असलेल्या चित्रावर, मांडल्या तर १६ एमबी मेमरी तिथेच गेली. गेममध्ये प्रत्यक्ष आलेलीच अक्षरं काढून पत्रा बनवा. जर्मन शब्द लांब, बटणाबाहेर जातात. थाईत शब्दांमध्ये जागाच नसते, त्यामुळे ओळ भलत्या ठिकाणी तुटते. अरबीत सगळी मांडणीच उजवीकडून. आकडेही बघा: आपले १,००,००० बाहेर १००,००० होतात आणि जपानमध्ये दहा हजारांचं एकक चालतं. भावाच्या गेममध्ये हे चुकलं तर गेमच चुकला. "पेव" हा शब्द तसाच ठेवा, फक्त पहिल्यांदा येईल तिथे जमिनीखालच्या साठवणीचं छेदचित्र दाखवा.

पैशाची वाट देशागणिक बदलते. आपल्याकडे यूपीआयने काम सोपं केलं, पण खेळणारा पोरगा आणि यूपीआय वडिलांचं, ही घरोघरची स्थिती आहे. म्हणून भारतात कमाईचा मोठा वाटा बक्षिसाच्या जाहिरातीतून येईल: व्हिडिओ बघ, पोतं वाळव. ब्राझीलमध्ये नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने पिक्स ही यूपीआयसारखी व्यवस्था आणली आणि कार्ड नसलेला माणूसही क्षणात पैसे देऊ लागला. इंडोनेशियात गोपे, डाना यांसारखी वॉलेट आणि मोबाईलचा बॅलन्स चालतो. जर्मनीत पेपॅल. जपानमध्ये कार्डाबरोबर मोबाईलच्या बिलात रक्कम लावण्याची आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून गिफ्ट कार्ड घेण्याची सवय रुजलेली आहे. रशियात मार्च २०२२ पासून गुगल प्लेची बिल-व्यवस्था थांबलेली आहे, तो देश यादीतून काढा.

किंमत लावताना डॉलरमध्ये एक आकडा टाकून प्ले कन्सोलला बाकीचे काढू देऊ नका. ते मुख्यतः विनिमय दराने गुणतं. १.९९ डॉलर अमेरिकेत किरकोळ, आपल्याकडे एका महिन्याच्या रिचार्जचा मोठा भाग. भारतासाठी १०, २९ आणि ८९ रुपयांचे तीन टप्पे हाताने लावा, ब्राझील-इंडोनेशियालाही वेगळे. वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर गुगलचा वाटा १५ टक्के आहे, म्हणजे ८९ रुपयांतून कर सोडून ७५ रुपये ६५ पैसे उरतात. हा कमी दर आपोआप लागत नाही, कन्सोलमध्ये नोंदणी करावी लागते. जुलै २०२१ पासून ही सोय आहे आणि अजून लोक ३० टक्के देत बसतात.

कायद्यांत चीनचं एका दमात सांगतो: गुगल प्ले तिथे नाही, दुकानं हुवावे, शाओमी, टेन्सेंट यांची वेगवेगळी, सरकारी परवाना क्रमांक लागतो आणि तो स्थानिक प्रकाशकामार्फतच मिळतो. १ सप्टेंबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्यांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री ८ ते ९ एवढीच मुभा आहे. तुमच्यासाठी तो बाजार नाही.

तुमच्या गेममधल्या "नशिबाच्या पोत्या"बद्दल मात्र थांबून विचार करा. पैसे देऊन आत काय निघेल ते माहीत नसणं, याला बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवलं. दक्षिण कोरियात २२ मार्च २०२४ पासून शक्यता टक्क्यांत दाखवणं सक्तीचं आहे, आणि ॲपल व गुगल दोघांचाही तसा नियम आहे. जपानमध्ये असा प्रकार राजरोस चालतो, पण वेगवेगळ्या वस्तूंचा संच पूर्ण केल्यावर मोठं बक्षीस देणारा "कोम्पू गाचा" २०१२ मध्येच बेकायदा ठरला. शिवाय तिथे विकत घेतलेली पण न वापरलेली नाणी हे गिऱ्हाइकाचं देणं मानलं जातं. मार्च किंवा सप्टेंबरअखेर ती शिल्लक एक कोटी येनच्या वर गेली की निम्मी रक्कम अनामत ठेवावी लागते. आज हा प्रश्न नाही, पण विकतची नाणी आणि फुकटची नाणी आत्तापासून दोन वेगळ्या खात्यांत नोंदवा. नंतर वेगळी करता येत नाहीत. माझं म्हणाल तर नशिबाची पोती काढूनच टाका. हळदीची प्रत बघून भाव ओळखणं हीच तुमच्या गेमची खरी गंमत आहे.

भारतात ऑगस्ट २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळण्यावर बंदी आली. तुमची नाणी परत रुपयांत बदलता येत नाहीत, तेव्हा गेम मोकळा आहे. "जिंका आणि काढा" असली भाषा वर्णनात कुठेही नको, आणि जाहिरातींच्या सेटिंगमध्ये जुगाराचा वर्ग बंद करा. युरोपात जाहिरात दाखवायची तर गुगलने प्रमाणित केलेली, खेळाडूची माहिती वापरायला त्याची संमती विचारणारी पाटी जानेवारी २०२४ पासून आवश्यक आहे. ती नसली तर जाहिराती तुटपुंज्या येतात आणि लोक उगाच दराला दोष देतात.

वेळेचंही बघा. आपल्या रात्री ३ ला सर्व्हर बंद करणं सोयीचं वाटतं, पण तेव्हा टोकियोत सकाळचे साडेसहा वाजलेले असतात, लोकलने कामाला जाणारे एका हाताने खेळायला घेतात. ब्राझीलमध्ये तेव्हा संध्याकाळचे साडेसहा. सूचना खेळाडूच्या घड्याळाप्रमाणे पाठवा. आणि उभ्या फोनवर एका अंगठ्याने गेम चालतो का, हे तपासा. मिरज स्टेशनवर एका हातात पिशवी धरलेल्या माणसालाही त्याचा उपयोग आहे.

आता क्रम. प्लेची नोंदणी २५ डॉलर, एकदाच. वैयक्तिक खातं नोव्हेंबर २०२३ नंतरचं असेल तर किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस बंद चाचणीत हवेत. बाराच घेऊ नका, वीस घ्या. कुणी दुसऱ्याच जीमेलने दुवा उघडतो, कुणी मध्येच चाचणी सोडतो, आणि मग दिवस पुन्हा मोजावे लागतात. त्यानंतर फिलिपिन्समध्ये गेम आधी छोट्या प्रमाणात सोडून बघा. इंग्रजी चालतं, अँड्रॉइड जास्त, जाहिरात स्वस्त. तिथे फक्त दोन गोष्टी मोजा: क्रॅश, आणि किती लोक परत आले. पूर्वापार सांगितला जाणारा ठोकताळा म्हणजे दुसऱ्या दिवशी ४० टक्के, आठवड्याने २०, महिन्याने १०.

एका देशात किमान १,००० इन्स्टॉल होईपर्यंत निष्कर्ष काढू नका. एवढ्यात ४० टक्क्यांचा आकडा तीन टक्के इकडे-तिकडे असा कळतो. शंभरांवर काढलेला आकडा दहा टक्क्यांनी हलतो. पण पैशाबद्दल हजारातूनही काही कळत नाही: शंभरात दोघे विकत घेणारे धरले तर २० माणसं, आणि ती निव्वळ योगायोगाने ११ किंवा २९ होऊ शकतात. शिवाय फिलिपिन्सचा खर्च बघून अमेरिकेचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी नंतर कॅनडा घ्या. जाहिरातीची मोहीम पूर्ण सात दिवस चालवा, म्हणजे शनिवार-रविवार आत येतो, आणि प्रत्येक देशाला ३५ हजारांची कमाल मर्यादा बांधा. त्यानंतर भारत, मग इंडोनेशिया आणि ब्राझील. आयफोनचा बिल्ड झाल्यावर अमेरिका, आणि सर्वांत शेवटी जपान.

पुढचं नेमकं सांगायला तीन गोष्टी लागतील: सर्वांत जड पातळीवर गेम किती मेमरी खातो, पहिल्या सत्रात खेळाडू सरासरी किती मिनिटं थांबतो, आणि पहिली विक्री करण्याआधी किती टक्के लोक सोडून जातात. बंद चाचणीचे १४ दिवस संपले की हे आकडे इथेच टाका.