टॅब्लेट येण्याआधी पॉइंट मोज

नव्याने रुजू झाली आहेस, म्हणून मनापासून सांगते. शाळेत टॅब्लेट येणार असं कळलं की आधी वर्गातले चार्जिंगचे पॉइंट मोज. चाळीस मुलं आणि भिंतीवर दोनच पॉइंट, हे मी अनुभवलंय. तास रंगात येईपर्यंत निम्मे पडदे काळे. मागच्या बाकावरची एक मुलगी बंद टॅब्लेटवर वही ठेवून मुकाट्याने लिहीत बसायची. ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

खरेदी ठरते ती वर्गापासून फार लांब. वाटपाचे फोटो निघतात, दुरुस्तीची तरतूद कुणी करत नाही. हे सगळीकडे घडतं. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये २०१३ साली आयपॅड वाटले, मुलांनी थोड्याच दिवसांत त्यावरची बंधनं काढली आणि पुढच्या वर्षी खरेदीचा करार थांबवावा लागला. पेरू देशात शाळेतल्या मुलांसाठी लाखो लॅपटॉप दिले. २०१२च्या अभ्यासात गणित आणि भाषेत काहीच फरक दिसला नाही.

म्हणून बैठकीत गप्प बसू नकोस. बिघडलं तर कोण येणार, किती दिवसांत, पासवर्ड कुणाकडे, शिक्षकांचं प्रशिक्षण कधी, हे लेखी माग. नवीन आहेस म्हणून संकोचू नकोस, वर्गात तूच उभी राहणार आहेस. आणि खडू-फळ्यावरचा तास रोज तयार ठेव.