पशुधन पर्यवेक्षक पदविकेत औषधशास्त्र कसे शिकावे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत: औषधांची नावे लक्षात राहत नाहीत, त्यावर उपाय काय, आणि पदविका झाल्यावर स्वतःच्या जबाबदारीवर औषध देता येते का. मी हीच पदविका घेऊन काही वर्षे श्रेणी-२ च्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात काम केले आहे, त्या अनुभवावरून लिहितो.

नावांची धास्ती घेऊ नका. आमच्या तुकडीत जी मुले नावे पाठ करत बसली, ती गोठ्यात पहिल्याच दिवशी अडली, कारण तिथे नाव नव्हे तर हिशेब लागतो. म्हणून सुरुवात गणितापासून करा. बाटलीवर 1 टक्का लिहिले असेल, तर 100 मिलिलिटर द्रावणात 1 ग्रॅम औषध आहे, म्हणजेच एका मिलिलिटरमध्ये 10 मिलीग्रॅम. हे एक वाक्य पक्के झाले की निम्मे भय जाते. पुढचा प्रश्न जनावराच्या वजनाचा. वजनकाटा गोठ्यात नसतो आणि नजरेचा अंदाज हमखास चुकतो, म्हणून मोजपट्टी खिशात ठेवावी. छातीचा घेर इंचांत मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्यापासून माकडहाडाच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 660 ने भागावे, म्हणजे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. घेर 65 इंच आणि लांबी 55 इंच असलेली भाकड गाय साधारण 350 किलोची भरते. तिला 1 टक्का आयव्हरमेक्टिन हे जंतनाशक द्यायचे असेल, तर किलोमागे 0.2 मिलीग्रॅमप्रमाणे 70 मिलीग्रॅम लागतात, म्हणजे कातडीखाली 7 मिलिलिटर. त्याच गाईला 5 टक्के ऑक्सिटेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक किलोमागे 10 मिलीग्रॅमप्रमाणे द्यायचे झाल्यास आकडा थेट 70 मिलिलिटरवर जातो. 'किती सीसी (म्हणजे मिलिलिटर) मारू?' या प्रश्नाला औषधाची तीव्रता आणि जनावराचे वजन विचारल्याशिवाय उत्तरच नसते, हे अशी पन्नास उदाहरणे वहीत सोडवल्यावर अंगवळणी पडते.

माझी स्वतःची चूक सांगतो. प्रशिक्षणाच्या काळात एका कालवडीला गुंगीसाठी झायलाझिन भरायला मला सांगितले होते. हे औषध मिलिलिटरला 20 मिलीग्रॅम आणि 100 मिलीग्रॅम अशा दोन तीव्रतांत मिळते. मी हिशेब पहिलीचा केला आणि सिरिंज दुसरीतून भरली. डॉक्टरांनी सुई टोचण्याआधी माझ्या हातातली बाटली फिरवून पाहिली, म्हणून ती कालवड वाचली. त्या दिवसापासून बाटली उचलताना, औषध भरताना आणि बाटली परत ठेवताना असे तीन वेळा लेबल वाचायची सवय मी लावून घेतली.

याच औषधामुळे मला दुसरा धडाही मिळाला. गाय-बैलाला झायलाझिन घोड्याच्या मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्शातच पुरते, म्हणून घोड्याची मात्रा गाईला दिली तर ती जीवावर बेतते. औषध तेच असले तरी शरीर बदलले की परिणाम बदलतो, हा मला या विषयाचा गाभा वाटतो. माणसाला रोजची वाटणारी पॅरासिटामॉलची गोळी मांजराला मारू शकते, कारण ते औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यकृतातली यंत्रणा मांजरात फार दुबळी असते. रवंथ करणाऱ्या मोठ्या जनावराला तोंडावाटे प्रतिजैविक दिले तर कोटीपोटातले, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटातले, उपयुक्त सूक्ष्मजीवच मरतात आणि चारा पचेनासा होतो. अशा कारणांसह औषध वाचले की ते आपोआप लक्षात राहते.

नावांसाठी त्यांच्या शेपट्या, म्हणजे शेवटची अक्षरे, पाहा. 'बेंडाझोल'ने संपणारी जंतनाशके, 'केन'ने संपणारी जागेवर बधिरता आणणारी, 'फ्लॉक्सासिन'ने संपणारी प्रतिजैविके. मात्र नुसते 'झोल' पाहून फसू नका. मेट्रोनिडाझोल हे जंतनाशकांच्या त्या घराण्यातले नाही. प्रत्येक घराण्यातले एकच औषध नीट शिका आणि बाकीची त्याच्याशी ताडून पाहा.

देण्याचा मार्ग हाही औषधाचाच भाग समजा. प्रोकेन पेनिसिलिन स्नायूत खोल द्यायचे असते, शिरेतून कधीही नाही. व्यायल्यावर रक्तातले कॅल्शियम घटून होणाऱ्या दुग्धज्वरात कॅल्शियम शिरेतून देतात, पण ते अगदी सावकाश आणि हृदयाचे ठोके ऐकत, कारण घाई केली तर हृदय थांबू शकते.

परीक्षेत कमी गुणांचा आणि कामात सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे औषधाचा अंश दुधा-मांसात किती काळ राहतो. 2012 मध्ये औषध नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार हा काळ लेबलवर देणे बंधनकारक आहे आणि तो ठरलेला नसेल तेव्हा दूध व अंड्यांसाठी किमान 7 दिवस, तर कोंबड्या व जनावरांच्या मांसासाठी किमान 28 दिवस धरावेत. वरच्या उदाहरणात मी मुद्दाम भाकड गाय घेतली, कारण माणसांसाठी दूध देणाऱ्या गाईला आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन देत नाहीत. डायक्लोफिनॅक या वेदनाशामकाचे तर परिणाम आभाळात दिसले: औषध दिलेले जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मोठ्या प्रमाणावर मेली, म्हणून 2006 मध्ये त्याच्या जनावरांवरील वापरावर बंदी आली. 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅकही त्याच कारणाने गेले. वेदना आणि सूज यांसाठी मेलॉक्सिकॅम शिका. ते गिधाडांना सुरक्षित ठरले आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, 1984 च्या कलम 30 नुसार पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकानेच करायचा असतो. पदविकाधारकाला त्यांच्या देखरेखीखाली आणि निर्देशांनुसार किरकोळ पशुवैद्यकीय सेवा देता येते. त्यामुळे औषध कोणते हे डॉक्टर ठरवतील आणि भरून टोचण्याचे काम बहुधा तुमच्याकडे येईल. लिहून दिलेली मात्रा तुमच्या हिशेबाशी जुळत नसेल, तर टोचण्याआधी फोन करून विचारा. मी आजही विचारतो आणि त्यावरून कुणी रागावल्याचे मला आठवत नाही.